एक जण जेवणार नाही

दळवीकाका कुठल्याही हॉटेलात पुढच्या दारानं शिरत नाहीत. आधी ते स्कूटर स्टँडवर लावतात, डिकीतून बॅटरी काढतात आणि हॉटेलाच्या मागच्या बोळात जातात. दुपारचे बारा वाजलेले असले तरी बॅटरी लागते. चार-पाच मिनिटांनी ते परत येतात, बॅटरी विझवतात आणि निकाल सांगतात. बहुतेक वेळा निकाल एकच असतो. "चल, बस मागे. इथं गळती आहे."

"पुढून सगळेच चांगले दिसतात," हे त्यांचं लाडकं वाक्य. "बघायचं ते पाठीमागून."

पाठीमागून ते काय बघतात हे कळायला मला वर्ष गेलं. भांडी घासणाऱ्या बाईला बसायला पाट आहे, की ती बिचारी उकिडवी बसली आहे. कांद्याची सालं डब्यात आहेत, की डब्याच्या शेजारी. आचारी वारा खायला बाहेर येतो तेव्हा त्याचं तोंड कसं असतं. "चिडलेल्या माणसाच्या हातची डाळ एका बाजूनं खारट लागते," असं ते अगदी गंभीरपणे सांगतात. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. डाळीतलं मीठ एका बाजूला राहू शकत नाही हे मला माहीत आहे. पण हे मी त्यांना अजून बोललेली नाही.

काकांची सगळी नोकरी एका कारखान्यात बॉयलरवर गेली. ते निवृत्त झाले, बॉयलर मात्र त्यांच्या बोलण्यातून निवृत्त झाला नाही. गर्दीच्या हॉटेलात प्रेशर जास्त असतं. न हसणाऱ्या मॅनेजरचा व्हॉल्व्ह चिकटलेला असतो. वेटर फार बोलका निघाला तर ती गळती, आणि कांद्याची सालं जमिनीवर दिसली तर तीही गळतीच.

एकदा फतेगंजकडच्या एका हॉटेलात त्यांना कुणीतरी सरकारी अधिकारी समजलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात बॅटरी आणि मागे वही-पिशवी घेतलेली मी. पिशवीत माझा रिकामा डबा होता, पण ते मॅनेजरला कसं कळणार? तो धावत मागच्या बोळात आला.

"साहेब, आधी कळवलं असतं तर..."

"कळवून आलो तर मला काय दिसणार?" काका म्हणाले.

मॅनेजर आणखी घाबरला. त्यानं खुर्च्या आणवल्या. "मी कोणी नाही हो," काका पुन्हा पुन्हा सांगत होते. "मी नुसता जेवणारा आहे." ते जितकं सांगत तितके त्या माणसाचे हात घट्ट जोडले जात. शेवटी त्यानं स्वतःच फ्रीज उघडला, आतले डबे एकेक करून आमच्यासमोर ठेवले आणि कुठला डबा कधीचा ते कबूल केलं. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, "खरं बोललात, फार चांगलं केलंत. पण जेवणार नाही."

यावरून कुणाला वाटेल की हा खाण्याचा मोठा शौकीन माणूस. तसं काही नाही. काका दोन्ही वेळा स्वतःच्या हातचं साधं जेवतात, आणि खिचडी असली की त्यांना दुसरं काही लागत नाही. बाहेर त्यांना फक्त एकच जेवण जेवायचं होतं. आपल्या मुलीबरोबर.

त्यांची मुलगी शुभदा पुण्याला असते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत ती एकदाही बडोद्याला आलेली नव्हती. दिवाळीला तिचा फोन यायचा, 'बरं आहे ना' विचारायचा आणि संपायचा. ती का येत नाही हे मला फार उशिरा कळलं. पण कधीतरी ती येईल, आली तरी घरी यायची नाही, बाहेरच कुठेतरी भेटेल, असं काकांनी धरून ठेवलं होतं. त्या दिवशी आपल्याकडे जागा तयार हवी. सहा वर्षांत सगळं बडोदं त्यांनी मागच्या बाजूनं पाहून ठेवलं होतं, ते एवढ्यासाठी.

मी काकांची भाडेकरू. वाडीतल्या त्यांच्या अरुंद घरात वरची खोली माझी. मी मेहकरजवळच्या एका गावातली, करजणच्या अलीकडे एका रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरीला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्याकडे बाहेर जेवणं म्हणजे तालुक्याला गेल्यावर एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून घरच्या भाकरीचं फडकं सोडणं. जागा निवडायची म्हणजे सावली कुठं आहे तेवढं बघायचं. अशा मुलीला काकांनी हॉटेलं पारखायला बरोबर घेतलं, याचं मला सुरुवातीला फार आश्चर्य वाटायचं. नंतर कळलं, त्यांना कुणीतरी समोरच्या खुर्चीवर बसणारं हवं होतं.

कारण काकांची दुसरी परीक्षा खुर्चीची असे. पाठीमागून पास झालेल्या हॉटेलात ते आत शिरत, कोपऱ्यातलं टेबल धरत आणि मला समोर बसवून वर्तमानपत्र हातात देत.

"वाच. हळू."

मी हळू आवाजात बाजारभाव वाचायची. ते डोळे मिटून ऐकत. मग शेजारच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहत आणि खूण करत, वाच. तिथं ऐकू आलं की जागा नापास. इथं ऐकू नाही आलं तरी नापास. "आपलं आपल्याला ऐकू आलं पाहिजे," ते म्हणत, "आणि शेजाऱ्याला फक्त चमचे." शेजारच्या टेबलावर बसलेली माणसं जेवता जेवता थांबून आमच्याकडे बघत. एका आजोबांनी तर विचारलं, मूग कितीला गेले म्हणालात?

आता बडोद्याच्या मराठीतल्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या शब्दावर फिरतं.

मी खोली घेतली त्या दिवशी जिन्यात काकांनी विचारलं, "काय बेटा, जमलीस का?" मला वाटलं, नव्या जागेत रुळलीस का असं विचारतायत. मी म्हटलं, "अजून नाही काका. जमेल हळूहळू." ते आत गेले आणि ताटात भात-आमटी घेऊन वर आले. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, माझं तेच उत्तर, पुन्हा ताट. असं आठवडाभर चाललं. मला वाटत होतं, केवढा प्रेमळ घरमालक. त्यांना वाटत होतं, कसली ही नोकरी, पोरीला संध्याकाळपर्यंत घास मिळत नाही. आठव्या दिवशी शेजारच्या गुजराती बहेननी खुलासा केला. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं, आणि बडोद्याच्या मराठी घरांत तोच शब्द पिढ्यान्‌पिढ्या मराठी होऊन बसलेला. 'चला जमायला,' 'जमून घे,' 'तू जमल्याशिवाय जाऊ नको ने.' आमच्याकडे जमतं ते काम. यांच्याकडे माणूस जमतो.

काका त्यावर म्हणाले, "तुमच्या पुण्याकडे शब्द वाया घालवतात."

"मी मेहकरची आहे काका."

"तेच ते. नर्मदा ओलांडली की सगळं पुणंच."

या जानेवारीत, पतंगाचे दिवस संपल्यावर, शुभदाचा फोन आला. मी तेव्हा खाली भाजी निवडत बसले होते. फोन दोन मिनिटं चालला, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. फोन ठेवून काका माझ्याकडे वळले.

"अहमदाबादला येतायत दोघं. त्याचं काही काम आहे. रविवारी जाताना इथं उतरणार. घरी नको म्हणाली. बाहेर कुठेतरी भेटू म्हणाली."

"चांगलं झालं काका."

"भेटू म्हणजे जमूच ने," ते म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

त्या दहा-बारा दिवसांत आम्ही पुन्हा सगळी पास झालेली ठिकाणं फिरलो. मी कारखान्याच्या बसमधून उतरले की काका कोपऱ्यावर स्कूटर तिरकी करून, किका मारत उभे असायचे. सहा वर्षांपूर्वी पास झालेल्या एका ठिकाणी आता मोबाइलची दुकानं होती. एक चांगलं होतं, पण मालकानं नुकताच टीव्ही बसवला होता. काकांनी त्याला टीव्ही काढण्याबद्दल पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी अलकापुरीकडचा एक थाळीवाला पक्का झाला. पाठीमागून स्वच्छ, आचारी हसतमुख, कोपऱ्यात पंख्याखाली चौघांचं टेबल. आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी मॅनेजरचा हात हातात घेऊन सांगितलं, "रविवार. साडेबारा."

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी आले तर काका ओट्यावर मोबाइल हातात धरून बसले होते. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. शुभदाचा मेसेज होता. एका ओळीचा.

'बाबा, रविवारी जमणार नाही.'

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "असू द्या काका. पुढच्या वेळी येतील."

"येणार नाही असं कुठं लिहिलंय?"

"जमणार नाही म्हणजे..."

"जमणार नाही म्हणजे जेवणार नाही. येईल. जेवणार नाही एवढंच."

त्यांना दोन्ही अर्थ माहीत होते. सगळ्या बडोद्याला माहीत असतात. ते उठून आत गेले, चष्मा घेऊन आले आणि त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. 'मला' जमणार नाही, असं असतं तर तुझं खरं. 'मी' जमणार नाही, असं असतं तर माझं खरं. तिनं 'मी' पण लिहिलं नाही, 'मला' पण लिहिलं नाही."

"इतकी वर्षं त्या पुण्यात आहेत काका. पुण्याचं मराठी लिहिलं असेल."

"वीस वर्षं इथं होती. सातवीत होती तेव्हा तिची आई गेली. तेव्हापासून रोज डबा मी भरलाय तिचा. रोज शाळेतून आल्यावर विचारलंय, जमलीस का? तिच्या बोटातून दुसरं काय उतरणार?"

"मग एक फोन करून विचारा."

काकांनी मोबाइल खिशात टाकला. "विचारलं की 'मला' येईल," ते म्हणाले. "न विचारता 'मी' आहे."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी चहा ठेवला. चहा पिताना त्यांनी मला ते सांगितलं, जे तीन वर्षांत सांगितलं नव्हतं.

शुभदा पुण्याला नोकरीला गेली आणि तिथंच तिनं लग्न आपल्या मनानं ठरवलं. मुलगा चांगला होता, काकांची त्याला हरकत नव्हती. पण कार्यालय, आचारी, पंगती सगळं तिनं पुण्यात परस्पर ठरवलं, आणि काकांना पत्रिका छापल्यावर कळवलं. जेवायची जागा ठरवताना आपल्याला विचारलं नाही, हे त्यांना लागलं. ते लग्नाला गेले. अक्षता टाकल्या. मग सवयीनं कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेले.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही. एक डाग नाही. पातेली आरशासारखी. त्यानं जास्तच राग आला. चूक असती तर चूक दाखवली असती, आणि जेवलो असतो." ते कपाकडे बघत होते. "पुढे येऊन सगळ्यांसमोर म्हणालो, पाठीमागे घाण आहे, मी इथं जेवणार नाही. आणि स्टेशनवर गेलो."

मुलीच्या लग्नातून बाप न जेवता उठून गेला.

"म्हणून म्हणतो," काका म्हणाले. "ती आली आणि माझ्यासमोर न जेवता बसली, तर बरोबरच आहे. हिशेबानं बरोबर आहे. येऊन न जेवू दे. पण येऊ दे."

शनिवारी सकाळी आम्ही अलकापुरीच्या थाळीवाल्याकडे गेलो. काकांनी मॅनेजरला सांगितलं, उद्या चार माणसं येणार, त्यातलं एक माणूस जेवणार नाही, नुसतं बसेल. मॅनेजरनं डोकं हलवलं. "काका, रविवारे एक खुरशी एटले एक थाळी." बाहेर रांग असते, नुसती खुर्ची देता येत नाही.

"तुम्ही थाळी लावा ने. कुणी खाणार नाही."

मॅनेजर म्हणाला, वेटर वाढणार. वाढणं थांबवता येत नाही, त्यांना सवयच तशी. हे खरं होतं. या थाळीवाल्यांकडे ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून पोळी येते.

सहा वर्षं जेवण्यासाठी जागा शोधणारा माणूस त्या दिवशी न जेवण्यासाठी जागा शोधत फिरला. दुकानात शिरायचं आणि सरळ विचारायचं, "आमच्यातलं एक जण जेवणार नाही. दोन तास बसू द्याल?" कुणी म्हणालं, उपवास असेल तर फराळी करून देतो. कुणी म्हणालं, ज्यूस तरी घ्या. एका ठिकाणी मालकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की पोटाचं दुखणं आहे का, त्याच्या ओळखीचा एक वैद्य आहे. काका प्रत्येकाला तेच उत्तर देत. "तब्येत उत्तम आहे. जेवणार नाही."

दुपार टळली. मी म्हटलं, काका, एखाद्या बागेत भेटू. सूरसागरच्या काठावर बसू. ते म्हणाले, "नाही. जेवायच्या जागीच न जेवता बसायचं असतं. बागेत न जेवण्याला काय अर्थ आहे?"

छाणीला, वर्कशॉपांच्या रांगेमागे, एक लहानसं जेवणघर सापडलं. पाच टेबलं. मालक प्रवीणभाई, वर राहणं, मागे स्वयंपाक. काका बॅटरी घेऊन मागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले तर ते नुसतेच उभे होते. भांडी घासणाऱ्या मावशींना पाट होता, आणि पाटावर उशी.

पुढे येऊन त्यांनी प्रवीणभाईंना आपला प्रश्न विचारला. प्रवीणभाई कोथिंबीर निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बेसो ने काका. खुरशीने क्यां भूख लागे छे?"

बसा ना, खुर्चीला कुठं भूक लागते? काकांनी मला तिथंच बसवून बाजारभाव वाचायला लावले. जागा पास झाली. मग त्यांनी शुभदाला पत्ता आणि वेळ पाठवली. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

"पोहोचलं," काका म्हणाले.

रविवारी मी येणार नव्हते. घरची माणसं भेटणार, आपण कशाला मधे. पण काका म्हणाले, "चौथी खुर्ची भरलेली बरी. रिकामी असली की तिच्याकडेच लक्ष जातं." साडेबाराची वेळ होती, आम्ही अकराला जाऊन बसलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साडेबारा वाजले. एक वाजला. प्रवीणभाईंनी दोनदा पाणी भरलं. मी मनात 'मला' म्हणत होते आणि तसं म्हटल्याबद्दल स्वतःवर चिडत होते. काका दाराकडे बघत नव्हते. ते टेबल हलतंय का ते बघत होते, आणि एका पायाखाली कागदाची घडी सरकवत होते.

सव्वा वाजता बाहेर रिक्षा थांबली.

शुभदा आधी उतरली. कपाळ काकांचंच. मागून तिचा नवरा अमित, हातात मिठाईचा डबा, चेहऱ्यावर परीक्षेला आल्यासारखा भाव. तो काकांच्या पाया पडला. ती पडली नाही. ती बसली आणि पर्स टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवली.

"ट्रेन?" काकांनी विचारलं.

"टाइमसर होती. रिक्षावाल्याला पत्ता सापडेना. कुठं शोधून काढलंत हे?"

"आहे चांगलं."

"असणारच."

काकांनी माझी ओळख करून दिली, ही मंगल, वरच्या खोलीत असते. एवढ्यात प्रवीणभाई आले. चार ताटं?

शुभदा म्हणाली, "मी जमणार नाही. लिहिलं होतं ने मी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज न करता ते 'मी' म्हणाले, हे फक्त मला दिसलं. मग मुलीला म्हणाले, "वाचलं. तुझी नुसती खुर्चीच आहे. प्रवीणभाई, दोन ताटं. मी पण नाही घेणार."

म्हणजे जेवणारे उरलो अमित आणि मी. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड जेवण. दोन माणसं दोन बाजूंना गप्प बसलेली आणि मधे आम्ही दोघं चावतोय. माझा प्रत्येक पापड मलाच मोठ्यानं ऐकू येत होता. अमित घाबरून सगळ्याची स्तुती करत होता. डाळ छान आहे. लोणचं छान आहे. पाणी फार छान आहे. खुश होऊन प्रवीणभाई त्याला वाढतच होते, आणि नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

काका टेबलाकडे बघत म्हणाले, "शुभा, तिथली भांडी स्वच्छ होती."

"कुठली?"

"तुझ्या लग्नातली. मी खोटं बोललो."

शुभदानं मान वर केली. मग म्हणाली, "स्वच्छ नसायला काय झालं? आदल्या दिवशी मी स्वतः उभं राहून दोनदा घासून घेतली होती. हातावर मेंदी होती तरी. तुम्ही पाठीमागे जाणार हे मला माहीत नव्हतं का?"

अमितनं घास खाली ठेवला. मीही ठेवला. प्रवीणभाई पोळी घेऊन येत होते ते मधेच वळले.

काकांनी हातानं टेबल दाबून पाहिलं. ते आता हलत नव्हतं.

"काय होतं त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "जेवायला."

शुभदानं त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती उठून जाईल. तिनं पर्स मांडीवरून काढून टेबलावर ठेवली.

"मसालेभात."

"वर खोबरं?"

"खोबरं-कोथिंबीर दोन्ही."

"मग?"

"अळूची भाजी. दाणे घातलेली."

"मुळा?"

"मुळा पण होता. बटाट्याची सुकी भाजी. काकडीची कोशिंबीर. पुऱ्या."

"गरम?"

"पहिल्या पंगतीला गरम होत्या. मग जरा गार झाल्या."

"होतात. पुढे."

ती एकेक पदार्थ सांगत होती आणि काका प्रत्येकाला मान हलवत होते, घाई न करता. जिलबी ऐकल्यावर त्यांनी समोर ताट असल्यासारखा टेबलावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "बस, एकच." शुभदा हसली नाही, पण तिचा आवाज बदलला. मग काकांनी हळू विचारलं, "मठ्ठा होता?"

"होता. तुमचा वेगळा काढून ठेवला होता मी, मिरची न घालता. मला वाटलं, तुम्ही स्टेशनवरून परत याल."

"किती वेळ ठेवलास?"

"संध्याकाळपर्यंत. आंबट झाला होता. मग मीच प्यायले."

"सगळा?"

"सगळा."